चुकलेले बुधवार

बुधवार, ५ मार्च

प्रिय मुंगे,

तुला आशीर्वाद द्यायचा माझा हक्क अजून शाबूत आहे असं धरून चालतो, आणि पाकीट न फोडता तू हे परत पाठवणार नाहीस असंही धरून चालतो. आठ महिने झाले. मी जुनं उकरून काढायला बसलेलो नाही. एक बातमी आहे, ती दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगतो.

तुझी वहिनी पडली. घाबरू नकोस, उजवं मनगट मोडलंय, बाकी सगळं जागच्या जागी आहे. मागच्या बुधवारी सकाळी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढत होती. स्टूल डुगडुगतं हे तिला माहीत, मला माहीत, आणि "उद्या पाचर मारतो" असं मी गेली दोन वर्षं म्हणतोय हेही दोघांना माहीत. सहा आठवडे प्लास्टर. आता दुखणं कमी आहे, बोलणं पूर्वीइतकंच.

पुढचं तुला सांगावं की नाही, याचा विचार करत दोन वेळा चहा करून प्यालो. सांगतोच. ती स्वयंपाकघरात खाली बसलेली, हात छातीशी धरून. मी रिक्षा बोलावली. रिक्षा यायला अजून पाच-सात मिनिटं होती, आणि बुधवार होता. मी म्हटलं, "हा कागद तेवढा कोपऱ्यावर देऊन येतो." कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. तू ते काम सोडल्यापासून तिथली बाई माझे लेख टाइप करून ब्लॉगवर चढवते.

वहिनी म्हणाली, "या की देऊन. हाड काय, मोडून झालंय, आता कुठे जातंय ते? बुधवार मात्र निघून जाईल."

मी गेलो, मुंगे. आणि देऊन आलो. लेख दहाच्या ठोक्याला लागला. शिलाई मशीनची सुई वारंवार का तुटते, त्यावरचा. तुझी वहिनी तेव्हा एक्स-रेच्या रांगेत बाकावर होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

आज दुसरा बुधवार. आज लेख नाही. सहा वर्षं तुझ्याबरोबर आणि आठ महिने तुझ्याशिवाय मी हा दिवस पाळला (ते मधले तीन सोडून, त्यांच्याबद्दल बोलायला नको). दहा वाजले, सव्वादहा झाले. मी माझ्या मशीनदुरुस्तीच्या दुकानाच्या दारात उभा, जसं काही कुणी जाब विचारायला येणार आहे. एक बाई मशीनचा पट्टा घ्यायला आली आणि पट्टा घेऊन गेली.

दाजींना नमस्कार सांग, पण हे पत्र त्यांना वाचायला देऊ नकोस, कारण पुढचं त्यांच्याबद्दल आहे. मागे तुमच्याकडे दोन दिवस राहिलो, तेव्हा पहाटे मला वाटलं शेजारी कुणीतरी जुनं पायमशीन तेलाशिवाय चालवतंय. उठून मी पिशवीतली तेलाची कुपी शोधायला लागलो होतो. मग कळलं, दाजी झोपलेत.

तुझा,
दादा


शनिवार, १५ मार्च

प्रिय मुंगे,

उत्तर आलं नाही. येईल असं मी म्हटलंही नव्हतं.

वहिनीची वेणी घालायला शिकलो. हसू नकोस. तीन पेड घ्यायचे आणि एकाआड एक मधे आणायचे, एवढंच असतं म्हणे. पहिल्या दिवशी तिने आरशात बघितलं आणि म्हणाली, "अहो, पोतं शिवलंय का?" आता बरी जमते. स्वयंपाकही करतो. ती खुर्चीत बसून प्लास्टरचा हात मांडीवर ठेवते आणि तोंडाने स्वयंपाक करते, मी नुसता तिचा हात. "मीठ." "घातलं." "किती?" "घातलं म्हटलं ना." "म्हणजे जास्त घातलं."

बुधवार पाळायचा मी खूप आटापिटा केला. भाजी चिरता चिरता मनातल्या मनात लेख जुळवला, तर बोट चिरलं. गॅसशेजारी पाठकोरे कागद ठेवून उभ्याउभ्या लिहायला गेलो, तर भाजी करपली आणि लिहिलेलंही करपटच निघालं. दुकान दुपारी दोन तासच उघडतो, त्यात गिऱ्हाईक. वहिनी शेवटी म्हणाली, "एवढं कुणासाठी चाललंय? त्या ब्लॉगला भूक लागते का?"

हा बुधवारही गेला.

झेरॉक्सवाली परवा वाटेत भेटली. मला वाटलं, दोन खाडे झाले, ही आता काम सोडणार. ती म्हणाली, "काका, लोक विचारताहेत खाली."

मी म्हटलं, "खाली कुठे?"

"लेखाच्या खाली. लोक लिहितात ना तिथे. तुम्ही बघत नाही?"

मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे तू सांगितलं असशील, तू सगळंच सांगायचीस. ते तू बघतेस, उत्तरं तू देतेस, असं होतं, म्हणून मी कधी लक्ष घातलं नाही. तू लेख टाइप करायच्या आधी मला फोन करायचीस, तेवढंच मला ठाऊक. "दादा, हे 'दात' म्हणजे कुणाचे दात? वाचणाऱ्याला वाटेल मशीन चावतं." मग मी फोनवरच सांगायचो, की सुईच्या खाली दोन बारीक खरबरीत पट्ट्या असतात, त्या कापड पुढे ढकलतात, त्यांना दात म्हणतात, आणि तू म्हणायचीस, "मग हेच लिही की." झेरॉक्सवाली काही विचारत नाही. तिला दातांचं सोयरसुतक नाही. दिलेलं टाइप करते आणि गठ्ठा परत देते.

तर तिने मला वाचून दाखवलं. कुणीही रागावलेलं नाही, मुंगे. एका शिंप्याने लिहिलंय, "गुरुजी, तब्येत बरी ना?" कुणी एक बाई आहे, ती म्हणते, सावकाश लिहा, तोवर मी जुने पुन्हा वाचते. मला गुरुजी म्हणणारा माणूस जगात आहे हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. वहिनीला सांगितलं, तर म्हणाली, "त्याला वेणी दाखवा."

झेरॉक्सवाली म्हणाली, "जुन्यांच्या खालचंही वाचू का? मागच्या वर्षीचं?"

मी म्हटलं, पुढच्या वेळी. भाजी आणायची होती.

दादा


रविवार, ३० मार्च

मुंगे,

भाजीचं मी खोटं सांगितलं होतं. भाजी घरात होती.

मागच्या वर्षीच्या जुलैत मी ब्लॉगवर जे लावलं होतं, त्याच्याखाली काय असेल याची मला भीती वाटत होती. तू ते वाचलंच असशील, तरी मी इथे पुन्हा लिहून काढतो, कारण मीच ते विसरायला बघत होतो: "गेले तीन बुधवार लेख आले नाहीत, क्षमस्व. टंकलेखन ज्यांच्याकडे होतं त्यांना सवड झाली नाही. आता व्यवस्था बदलली आहे. यापुढे लेख दर बुधवारी सकाळी दहा वाजता, न चुकता." नाव लिहिलं नव्हतं, पण नावाची गरजच काय? सहा वर्षं पानाच्या माथ्यावर आपली दोघांचीच नावं होती, आणि त्याच दिवशी, तू कधीकाळी माझ्या फोनवर ब्लॉग उघडून दिला होतास त्यावरूनच, मी झेरॉक्सवालीला त्यातलं एक काढायला लावलं. चार दिवसांनी तुझी चिठ्ठी आली, त्यावर नुसता पासवर्ड. एक शब्द जास्त नाही. मला वाटलं, केवढा हा ताठा!

काल वाचून घेतलं. खाली नऊ जणांनी लिहिलंय. मला वाटलं होतं, बरं झालं, शिस्त लावलीत, असं काहीतरी असेल. तसं एकानेही लिहिलेलं नाही. "ताई बऱ्या आहेत ना?" "ताईंना काय झालं?" "इतक्या वर्षांत ताईंचा एक दिवस चुकला नाही, काहीतरी असेल, कळवा." एकाने तर सरळ विचारलंय, "तुम्ही त्यांना फोन केला का?"

नऊ परक्या माणसांनी विचारलं. उत्तर कुणी दिलेलं नाही. देणारी तू होतीस.

झेरॉक्सवालीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, पाणी देऊ?"

ती क्षमस्ववाली पाटी मी तिथल्या तिथे काढायला लावली. माथ्यावर तुझं नाव परत घातलं, आधी होतं तसंच, माझ्या आधी.

आणि अजून एक. मार्चमध्ये माझे चार बुधवार गेले. चार. तुझे तीनच होते. मनगट तर माझं मोडलेलंही नाही.

पण मुंगे, तुझ्याकडे तेव्हा काय झालं होतं ते तूही कळवायला हवं होतंस. कळवलं असतंस, तर मी असं केलं असतं का? मला काय स्वप्न पडणार होतं?

दादा


शुक्रवार, ११ एप्रिल

मुंगे,

हे मी जाड मार्करने लिहितोय. एका पानावर आठ ओळी मावतात, म्हणून कागद पुष्कळ होतील. दाजींना सांग, हे वाचून दाखवू नका. तुझं तुला वाचता येतं का ते बघ. नाही आलं, तर याहून मोठं काढीन.

काल दाजींचं पत्र आलं. तुला आता दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून माझी तिन्ही पत्रं त्यांनी तुला मोठ्याने वाचून दाखवली. तिन्ही! घोरण्याचा मजकूर म्हणे तू दोनदा वाचायला लावलास, आणि त्यांनी तो दोन्ही वेळा आवाज न बदलता वाचला. खाली लिहिलंय, "दादा, पुढच्या खेपेला तेल घेऊनच या." या माणसाला मी बावीस वर्षं ओळखलंच नाही.

मग बाकीचं लिहिलंय. उजव्या डोळ्याचा पडदा मागच्या जूनमध्ये सुटला. ऑपरेशन करून डोळ्यात हवा भरली, आणि ती हवा पडद्याला चिकटून राहावी म्हणून तुला चौदा दिवस पालथं झोपवलं. तोंड खाली. जेवण खाली, बोलणं खाली. ऑपरेशनची धावपळ आणि ते चौदा दिवस, यांतच ते तीन बुधवार गेले. आणि माझी ती पाटी दाजींनी तुला तेव्हाच वाचून दाखवली, तू पालथी असताना, कारण तू विचारलंस, "दादाने काही लावलंय का?" मग म्हणालीस, "पासवर्ड पाठवून द्या."

ती चिठ्ठी अजून माझ्या खणात आहे. आज काढून बघितली. अक्षर तुझं नाही. दाजींचं आहे. नऊ महिने ती खणात आहे, आणि ते अक्षर कुणाचं हे मी बघितलंच नाही. पासवर्ड बघितला.

पत्राच्या शेवटी दाजी लिहितात, "तिने एकच वाक्य सांगितलंय: दादाला विचारा, जूनमध्ये फोनवर मी त्याला काय सांगितलं होतं."

आता सांगतो, मुंगे. मागच्या पत्रात लिहिलं, तू कळवायला हवं होतंस, ते लिहितानाही मला ठाऊक होतं की मी खोटं लिहितोय. तू कळवलं होतंस. सोमवार होता. तू म्हणालीस, "दादा, उजव्या डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं होतंय." मी समोर एक मशीन उघडून बसलो होतो. मी म्हटलं, "चष्मा बदल. आणि बॉबिनचा लेख तेवढा बुधवारी लावून टाक, मागे पडतोय." तू म्हणालीस, "बरं."

बरं म्हणालीस. वाद घातला असतास तर मी कदाचित ऐकलं असतं. नाही, तेही तुझ्यावर ढकलणं झालं. मी ऐकलं नसतं.

वहिनीला आज सगळं सांगितलं. हे फोनचं तिलाही माहीत नव्हतं. मग म्हणाली, "मला निदान रिक्षा तरी बोलावलीत."

याहून जास्त क्षमा कशी मागतात ते मला येत नाही. शिकलो असतो, पण आयुष्यात जे शिकलो ते उघडून, बिघडवून, पुन्हा जोडूनच. हेही तसंच शिकतोय.

तुझा दादा


मंगळवार, २२ एप्रिल

माझे मुंगे,

पत्र पोहोचलं. तुझ्या हाताचं! ओळी तिरक्या उतरत गेल्यात आणि शेवटचा शब्द कागदाबाहेर पडलाय, तरी मी ते तीनदा वाचलं आणि वहिनीने हातातून ओढून घेतलं. तिचं प्लास्टर निघालंय, त्यामुळे आता ओढाओढी जमते.

तू लिहिलंयस: "दादा, राग गेलेला नाही. जाईल तेव्हा जाईल. सात मे रोजी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्याच्या पडद्याला भोक पडलंय. पुन्हा चौदा दिवस पालथी. हे तेच तेच विनोद सांगतात आणि लेख वाचून दाखवताना मशीनच्या शटलला शटर म्हणतात. तुला सवड असेल तर."

सवड असेल तर! हा शब्द तू मुद्दाम लिहिलास हे मला कळलं. लागला. लागायलाच हवा होता.

सात मे हा बुधवार आहे, कॅलेंडर बघितलं. सहा तारखेला संध्याकाळी मी तुझ्या दारात असेन. दुकानाला कुलूप. वहिनीला विचारलं, "तू इथे एकटी कशी राहशील?" ती म्हणाली, "चार दिवस शांतता मिळेल. चौदा मिळाले तर पेढ्यासारखं गोड वाटेल." मग आत जाऊन तुझ्यासाठी दोन मऊ सुती परकर काढून ठेवले, नाडी नसलेले, कमरेला इलॅस्टिक. पालथं झोपताना गाठ रुतते म्हणाली. हे मला कधी सुचलं असतं?

ब्लॉगचं तू विचारलं नाहीस, पण सांगतो. झेरॉक्सवालीला सांगून टाकलं की आता वार ठरलेला नाही. ती म्हणाली, "मग लोकांना कळणार कसं, कधी बघायचं ते?" मी म्हटलं, बघतील अधूनमधून. सहा आठवडे बघताहेतच की. मधे एक लेख लिहून झाला होता, तो सोमवारी लागला. सोमवारीही माणसं वाचतात, मुंगे. त्या गुरुजीवाल्या शिंप्याने तर दुपारी तीनला वाचलाय.

पण तो लेख चांगला नाही. दोरा वरच्या बाजूने सैल का पडतो, यावर आहे, आणि वाचणारीने लिहिलंय की दोन चकत्यांच्या मधून दोरा न्यायचा म्हणजे नक्की कुठून? तू असतीस तर हे लावायच्या आधीच विचारलं असतंस. म्हणून मी चौदा दिवसांत तुला जुने सगळे लेख वाचून दाखवणार आहे, आणि जिथे कळणार नाही तिथे तू मला थांबवायचं. लिहून मी घेईन. एका दिवशी एक झाला तर एक. डोळा दुखत असेल, झोप येत असेल, नुसतं पडून राहावंसं वाटत असेल, तर एकही नाही. मग मी तुला गल्लीतल्या गोष्टी सांगेन, त्या संपल्या तर वहिनीच्या.

दाजींनी फोन केला होता. म्हणाले, पलंगाशेजारी दादांसाठी खुर्ची आणून ठेवलीय, मऊ आहे. मी त्यांना नको म्हटलं. तू पालथी, तोंड खाली. खुर्चीत बसलो तर तुला माझे पाय दिसणार, आणि चौदा दिवस तू काय माझ्या पायांशी बोलणार? मी खाली जमिनीवर बसेन, पलंगाच्या कडेला, मान वर करून. अंधुक का होईना, तोंड दिसेल. मला खाली बसायचं काय, पन्नास वर्षं मशीनच्या पोटाखाली बसूनच काढली. पाठीला एक उशी तेवढी ठेवायला सांग.

दादा